लोटे ते पर्थ : एका वेल्डरच्या कायमच्या स्थलांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

आता ऑस्ट्रेलियातल्या पर्थला असलेला हा वेल्डर चिपळूण तालुक्यातल्या खाडीपट्ट्यातला. माणूस ओळखू येईल असे तपशील इथे गाळले आहेत. जन्म डिसेंबर 1990 चा. दहावीनंतर आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड, एनसीव्हीटी या राष्ट्रीय परिषदेचं प्रमाणपत्र, मग अप्रेंटिसशिप आणि 2009 पासून लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत ठेकेदारांच्या हाताखाली काम. लोट्याला रासायनिक कारखाने आहेत, त्यामुळे तिथल्या वेल्डरला पाइपचं काम भरपूर. शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद, लागला की दिवसरात्र प्लांटमध्ये, एरवी शेडमध्ये स्पूल, म्हणजे पाइपचे जोडून तयार केलेले भाग, बनवत बसायचं. चार वर्षांत त्याचा हात आर्क आणि आर्गन या वेल्डिंगच्या दोन्ही पद्धतींवर बसला. सिक्स-जीची टेस्टही तो पास झाला. या टेस्टला पाइप 45 अंशांत तिरपा बांधतात आणि तो न फिरवता खालून, वरून, बाजूने वेल्डरनेच फिरून जोड भरायचा असतो. ज्याचा सिक्स-जीचा एक्स-रे स्वच्छ येतो, त्याला कुठलाही सुपरवायझर नाकारत नाही.

2013 च्या पावसाळ्यानंतर तो कतारला गेला. कंपनी नीट होती. करारपत्र, महिन्याची पगारस्लिप, बँकेत पगार. साडेतीन वर्षांनी, 2017 मध्ये लग्नासाठी आला आणि पुन्हा लोट्यालाच लागला. 2018 मध्ये मुलगी झाली. बायको बी.ए., लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. घरी आई, दोन गुंठ्यांवरचं घर आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हापूसची कलमं. कलमांचा सातबारा सामाईक, त्यावर चौदा नावं, त्यातली निम्मी मुंबईत.

बाहेर जाऊन राहण्याचा विचार कुठून आला, हे मी त्याला विचारलं होतं; आयटीआयच्या जुन्या कागदांसाठी तो माझ्याकडे यायचा. त्याने उलट मलाच विचारलं, ‘‘सर, लोट्याला पन्नाशीचा वेल्डर बघितलाय का तुम्ही?’’ बघितले आहेत, पण ते थोडे, आणि जे आहेत ते ग्राइंडर मारतात किंवा फायर वॉचला, म्हणजे ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून पहाऱ्याला, उभे असतात. रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरतो हाताच्या वेगावर. डोळे आणि कंबर गेली की रोजही जातो. आखातात पगार चांगला, पण तिथे कितीही वर्षं काढली तरी करार संपला की परत यायचं. कोकणातली माणसं पिढ्यान् पिढ्या घर सोडून कमवायला गेली, आधी मुंबईच्या गिरण्यांत, मग बोटीवर, मग आखातात. त्या सगळ्या जाण्यात परत येणं धरलेलं असायचं. याला बायको आणि मुलीसकट जायचं होतं आणि तिथेच राहायचं होतं. त्याच्या घरातून असं जाणारा तो पहिलाच.

अडचण

कौशल्याचा प्रश्न नव्हता. ते कागदावर दाखवण्याचा होता.

लोट्याची सुरुवातीची चार वर्षं त्याने रोजंदारीवर काढली होती. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, शनिवारी हातात रोख. ना पगारपत्रक, ना पीएफ. कतारची साडेतीन वर्षं कागदांनी भक्कम. 2017 नंतरचा ठेकेदार मोठा होता, पगार बँकेत द्यायचा. पण पीएफ कापायला त्याने 2019 मध्ये सुरुवात केली. म्हणजे चौदा वर्षं इलेक्ट्रोड जाळलेल्या माणसाकडे निःशंक दाखवता येईल असा अनुभव त्याच्या निम्मा.

दुसरी अडचण इंग्रजीची. कतारमध्ये सुपरवायझर फिलिपिनो, फोरमन केरळचा. कामापुरतं इंग्रजी त्याला येत होतं. लिहायचा मात्र कधी प्रसंगच आला नव्हता.

तिसरी अडचण वयाची. कायमच्या स्थलांतराच्या बहुतेक योजना गुणांवर चालतात आणि वयाचे गुण तिशी ओलांडली की घसरायला लागतात. तो हिशेब पुढे येईलच.

समोरचे पर्याय

पुन्हा आखात. सर्वांत सोपा पर्याय. परवानाधारक भरती एजंटाला कामगाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. दहावी पास असल्याने त्याच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्सही, म्हणजे कामासाठी देश सोडण्याची सरकारी परवानगीही, लागत नव्हता. पण कायमचं राहणं यातून होत नाही, म्हणून तो बाजूला ठेवला.

गावातच स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडी. 2019 मध्ये याचा विचार त्याने मनापासून केला होता. आईचं मत याच्याच बाजूने होतं, आणि माझ्या मते हा पर्याय वाईट नव्हता. कोकणात बंगले वाढत आहेत, वेल्डरला काम आहे. पण पाइपवर सिक्स-जी मारणाऱ्या हाताला खिडकीच्या जाळ्या टाके मारून जोडायला लावणं त्याला नको होतं. आवडीच्या या प्रश्नाला निर्णयात जागा असते, आणि ती असावी.

कॅनडा. इथे त्याचे पैसे गेले. 2019 च्या अखेरीस नवी मुंबईतल्या एका सल्लागार कार्यालयाने ‘‘कॅनडाला वेल्डर हवेत, जॉब ऑफर आम्ही देतो’’ म्हणून सहा लाख सांगितले आणि दीड लाख आगाऊ घेतले. कॅनडाला वेल्डर हवेत हे खरं आहे. तिथे कुशल कारागिरांसाठी 2013 पासून वेगळी केंद्रीय योजना आहे. तिला शिक्षणाची अट नाही, मागच्या 5 वर्षांत 2 वर्षांचा अनुभव पुरतो, इंग्रजीची पातळीही माफक. पण त्यात एक अट अशी आहे की अर्जदाराकडे किमान वर्षभराची खरी पूर्णवेळ नोकरीची ऑफर हवी, नाहीतर कॅनडातल्या एखाद्या प्रांताचं त्या ट्रेडचं पात्रता प्रमाणपत्र हवं. कोकणात बसून प्रमाणपत्र मिळणं अवघड आणि न भेटलेल्या कारागिराला ऑफर देणारे मालक विरळ. ही फट ओळखूनच बनावट ऑफरचा धंदा चालतो. त्याला आलेल्या पत्रात मालकाचा पत्ता होता, पण परदेशी कामगार घ्यायला तिथल्या सरकारची जी मंजुरी लागते तिचा क्रमांक नव्हता. तो मागितल्यावर ‘‘उरलेले पैसे भरा, मग मिळेल’’ असं उत्तर आलं. पावतीवर ‘सल्ला शुल्क’ लिहिलेलं होतं, त्यामुळे पैसे परत मागायलाही आधार राहिला नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि ते कार्यालय उघडलंच नाही.

जर्मनी. अडचण दोन बाजूंनी होती. तिथे या कामाचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, आपला वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा, त्यामुळे मान्यता अर्धवट मिळण्याचीच शक्यता जास्त. आणि जर्मन भाषा पाटीपासून शिकायची. आज कुणी विचारलं तर मी हा पर्याय इतक्या लवकर सोडू नका असं सांगेन. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि त्याच वर्षापासून जर्मनीत ए-टू पातळीच्या जर्मनवर नोकरीला लागून मान्यतेची उरलेली प्रक्रिया तिथेच पूर्ण करण्याची सोय झाली. 2020 मध्ये यातलं काही नव्हतं.

ऑस्ट्रेलिया. इथे ऑफरशिवाय अर्ज करता येतो. आधी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेतून कौशल्याचं परीक्षण, मग गुण, मग व्हिसाचा अर्ज करण्याचं निमंत्रण. वय 45 च्या आत, किमान 65 गुण. वेल्डर (फर्स्ट क्लास) हा त्यांच्या यादीतला स्वतंत्र व्यवसाय आहे.

पहिला निर्णय : एजंट नको, पण एकट्यानेही नको

कॅनडाचे दीड लाख गेल्यावर घरात वातावरण बिघडलं होतं. थोरले काका म्हणाले, ‘‘आता हा नाद सोड.’’ त्याने नाद सोडला नाही, पद्धत बदलली. अर्ज स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच भरायचा असं ठरवलं. मधल्या माणसाला पासवर्ड द्यायचा नाही. अडेल तिथे ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटाला तेवढ्याच प्रश्नाचे पैसे देऊन विचारायचं. अशा एजंटाला नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत पडताळता येतो. पूर्ण प्रकरणात त्याने असा सल्ला फक्त अनुभवाच्या पुराव्यांबद्दल घेतला. माझ्याकडे तो जुन्या आयटीआयच्या कागदांसाठी आला होता आणि मग येतच राहिला.

गुणांचा हिशेब

त्याने वहीच्या एका पानावर मांडलेला हिशेब मी पुढे बऱ्याच मुलांना दाखवला आहे.

वय 25 ते 32 : 30 गुण. ट्रेडची पात्रता परीक्षणात मान्य झाली तर 10. इंग्रजी किमान पातळीचं असलं तर शून्य, कारण ती पातळी ही अटच आहे. आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत चारही भागांत 6 किंवा पीटीई या दुसऱ्या परीक्षेत तेव्हा 50. त्याच्या वरची पातळी, म्हणजे प्रत्येकी 7, गाठली तर 10 गुण. बायकोने किमान पातळीचं इंग्रजी दाखवलं तर 5. राज्याने प्रादेशिक भागासाठी, म्हणजे 491 या व्हिसासाठी, नामांकन दिलं तर 15.

बेरीज 60. उरला अनुभव. परदेशातला म्हणजे ऑस्ट्रेलियाबाहेरचा अनुभव 3 ते 4 वर्षं असेल तर 5 गुण, 5 ते 7 वर्षांना 10, 8 किंवा त्याहून जास्त वर्षांना 15. पण मोजणी निमंत्रणाच्या आधीच्या 10 वर्षांतली, आणि ‘कुशल’ ठरण्यासाठी लागलेली सुरुवातीची वर्षं त्यातून वजा होतात. त्याच्या बाबतीत अशी तीन वर्षं जाणार होती. 2009 ते 2013 ची वर्षं कागदाअभावी मुळातच बाद. म्हणजे कतारची जवळजवळ सगळी वर्षं ‘कुशल’ ठरण्यातच खर्ची पडणार आणि गुण मिळणार ते 2017 नंतरच्या लोट्याच्या कामाला. पीएफवाली वर्षंच धरली तर 5 गुण, एकूण 65. 2017 ते 2019 ही दोन वर्षंही सिद्ध झाली तर 10, एकूण 70.

आणि डिसेंबर 2023 मध्ये तो 33 चा होणार होता. त्या दिवसापासून वयाचे गुण 30 वरून 25. म्हणजे 65 चे 60, आणि 60 ला दारच बंद. 70 असते तर 65 तरी उरले असते. लोट्याची ती दोन वर्षं म्हणूनच इतकी मोलाची.

पूर, आणि त्यानंतरचा कागदांचा शोध

2021 च्या सुरुवातीला ठेकेदाराशी बोलणं झालं होतं. ‘‘शेठ, जुनी पगारपत्रकं आणि अनुभवाचं पत्र पाहिजे,’’ म्हटल्यावर शेठ चांगले वागले. ऑफिसात सगळं आहे, पावसाळा संपला की बसू म्हणाले. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. शेठचं ऑफिस बाजारपेठेत तळमजल्यावर. हजेरीपटाच्या वह्या, व्हाउचर, कॉम्प्युटर, वेल्डरच्या टेस्टच्या फायली, सगळ्याचा चिखल झाला. तीन दिवसांनी हा वेल्डर स्वतः फावडं घेऊन तिथे गाळ काढायला होता आणि फायलींचे लगदे त्यानेच उचलून टाकले.

शेठने अनुभवाचं पत्र दिलं, पण नुसतं पत्र पुरत नाही. काम झालं आणि त्याचे पैसे मिळाले, हे दोन्ही तिसऱ्याच ठिकाणच्या कागदावरून दिसायला हवं.

या टप्प्यावर एक जण भेटला. पन्नास हजारांत मागच्या तारखांची पगारपत्रकं, शिक्के, हजेरीपट, सगळं. ‘‘पुरात गेलं, कोण तपासणार आहे?’’ असं त्याचं म्हणणं. मोह मोठा होता, कारण ती कागदपत्रं खोट्या कामाची नसती, खरोखर केलेल्या कामाचीच असती. त्याने ते नाकारलं आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हाच सर्वांत मोठा निर्णय. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत बनावट कागद सापडला तर व्हिसा नाकारला जातो आणि वर 3 वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद होतात. 3 वर्षांनी तो 36 चा झाला असता. खरं काम खोट्या कागदावर मांडलं की ते कामही खोटंच ठरतं.

मग खरे कागद शोधायला सुरुवात झाली. कुठे काय मिळालं ते सविस्तर देतो, कारण ठेकेदाराकडे काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराला याचा उपयोग आहे.

बँकेचं स्टेटमेंट. नोटाबंदीनंतर शेठ पगार खात्यात टाकत होते. 2017 पासूनची प्रत्येक नोंद बँकेने छापून दिली. रक्कम दरमहा वेगळी, कारण हजेरीवर पगार. पण पाठवणाऱ्याचं नाव तेच.

पीएफचं पासबुक, यूएएन या पीएफच्या कायम क्रमांकावरून, 2019 पासूनचं. त्यात आस्थापनेचं नाव आणि महिनावार वर्गणी. हे पाण्यात बुडत नाही.

आयकर. कापलेला कर, म्हणजे टीडीएस, फॉर्म 26एएस या आयकर खात्याच्या उताऱ्यात दिसत होता, त्याने स्वतः मात्र तोवर एकदाही रिटर्न भरलं नव्हतं.

आयबीआरचं, म्हणजे बॉयलरच्या नियमांखालचं, वेल्डर प्रमाणपत्र. बॉयलरच्या पाइपवर काम करायला राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा द्यावी लागते आणि प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. त्याचं 2018 चं मूळ प्रमाणपत्र आईने ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं होतं.

आणि शेवटी एक्स-रेचे रिपोर्ट. ही कल्पना त्याचीच. प्लांटमधल्या महत्त्वाच्या प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा ठसा क्रमांक मारतात आणि रेडिओग्राफीच्या अहवालात जोड क्रमांक, तारीख आणि तो ठसा येतो. अहवाल करणारी तपासणी कंपनी पुण्याची, तिची कचेरी पुरापासून शंभर मैल दूर. तो तिथे गेला, जुन्या ओळखीच्या टेक्निशियनला भेटला, कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाचं ना-हरकत पत्र आणून दिलं आणि 2017 ते 2019 मधल्या शटडाऊनचे अहवाल मिळवले. त्याचा ठसा, त्याने भरलेला जोड, आणि पुढे शेरा : स्वीकृत. त्या कारखान्याच्या सुरक्षा विभागाकडून गेटपासच्या नोंदींचं पत्रही आलं. असा कागद हातात घेतल्यावर माणूस किती वेळ गप्प बसतो, ते मी पाहिलं आहे.

इंग्रजी, आणि हातातलं तोंडाने सांगणं

लिहिण्यात तो दोनदा अडला. मग पीटीईकडे वळला, कारण कॉम्प्युटरवरची परीक्षा त्याला जास्त जमेल असं बायकोने ओळखलं. तिने त्याच्याआधी परीक्षा दिली आणि पहिल्याच वेळी पार केली. तिचे 5 गुण नसते तर हे प्रकरण 70 पर्यंत पोचलं नसतं. मुलगी झोपल्यावर दोघं मोबाइलवर बोलण्याचा सराव करायचे. शेवटी त्यालाही 50 च्या वर मिळाले. 7 च्या पातळीचं इंग्रजी गाठून 10 गुण घ्यायचा विचार झाला आणि सोडला. त्यात जाणारे महिने कागद शोधायला हवे होते.

तांत्रिक मुलाखत व्हिडिओवर झाली. प्रश्न असे : लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये का ठेवता? जाड प्लेटला प्रीहीट केव्हा? वेल्डमुळे जॉब वाकू नये म्हणून क्रम कसा लावता? बंदिस्त टाकीत उतरण्याआधी काय तपासता? उत्तरं त्याच्या हातात होती, पण हातातलं तोंडाने सांगणं ही वेगळीच विद्या. आम्ही सराव असा केला की तो रोज एका कामाचं वर्णन फोनवर रेकॉर्ड करायचा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. ओव्हनच्या प्रश्नाला त्याने लोट्याचा जुलै सांगितला. पावसाळ्यात पाकीट फोडून तासभर बाहेर राहिलेला 7018 जातीचा लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड दमट होतो, त्या ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, तडा देतो. आमच्याकडे हवा अशी म्हणून आम्ही रॉड ओव्हनमधून एकेकच काढतो. परीक्षकाने यावरच बरेच प्रश्न विचारले आणि इथे त्याचं इंग्रजी आपोआप सुटत गेलं. 2023 च्या उन्हाळ्यात परीक्षणाचा निकाल त्याच्या बाजूने लागला आणि 2017 पासूनचा अनुभव धरला गेला.

पैसा आणि कलमं

491 व्हिसाचं शुल्क त्या आर्थिक वर्षात मुख्य अर्जदाराला 4,640 ऑस्ट्रेलियन डॉलर, जोडीदाराला 2,320 आणि मुलाला 1,160 होतं. तिघांचे 8,120, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेचार लाख रुपये. परीक्षण, परीक्षा, वैद्यकीय तपासणी, विमानभाडं आणि तिथे पहिले तीन महिने तगण्याचा खर्च वेगळा.

मुंबईच्या चुलतभावाने सुचवलं, सड्यावरची जागा विकू, गिऱ्हाईक तयार आहे. सामाईकातला त्याचा हिस्सा गेला असता तर सगळा खर्च भागला असता. त्याने विकायचं नाकारलं. भावना होतीच, पण कायद्याचीही बाजू होती आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. अनिवासी भारतीयाला किंवा पुढे परदेशी नागरिक होऊन ओसीआय कार्ड घेतलेल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. म्हणजे एकदा विकली की पुन्हा घेण्याचा रस्ता त्याच्यापुरता बंद. सगळी जागा विकायला चौदा जणांची संमती लागली असती हेही खरं, पण मिळाली असती तरी तो थांबला असता असं मला वाटतं.

मग कतारची शिल्लक, बायकोचे दागिने तारण ठेवून सोनेतारण कर्ज, आणि कलमं तीन हंगामांसाठी एका बागायतदाराला कराराने. कराराचे पैसे वाटेकऱ्यांत विभागले गेले, काकांनी आपला वाटा त्याला बिनव्याजी दिला. दीड लाखाच्या वेळी नाद सोड म्हणणारे हेच काका.

निमंत्रण ते प्रस्थान

70 गुणांवर त्याने व्हिसासाठी इच्छा कळवणारा प्राथमिक अर्ज नोंदवला. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचं नामांकन मिळालं आणि व्हिसाचं निमंत्रण नोव्हेंबर 2023 मध्ये आलं, तेहतिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना. पुढच्या कागदांत एकच गोष्ट रखडली. मागच्या 10 वर्षांत जिथे 12 महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलिस दाखला लागतो. भारताचा पासपोर्ट कार्यालयातून लवकर मिळाला, कतारचा मिळवायला महिने गेले. कतार सोडतानाच तो घेऊन ठेवला असता तर हा वेळ वाचला असता.

2024 च्या मध्यावर तिघांचा व्हिसा आला. गणपती करून ते निघाले. आईला बरोबर नेता येणार नव्हतं. या व्हिसावर आईवडिलांना कायमचं बोलावण्याची तरतूद नाही, फार तर पाहुणी म्हणून येता येतं. बहीण गुहागरला दिलेली, ती पंधरा दिवसांनी येऊन जाते. आई त्याला एवढंच म्हणाली, ‘‘तू जा रं बाबा, पन पोरीला मराठी इसरू देव नको.’’

निकाल

पर्थ हे शहर 491 साठी प्रादेशिक भागात मोडतं आणि त्याच्या दक्षिणेला क्विनाना-हेंडरसनचा औद्योगिक पट्टा आहे, कारखाने आणि जहाजबांधणीचा. तरी पहिल्याच आठवड्यात वेल्डरचं काम मिळालं नाही. बांधकामाच्या साइटवर पाय ठेवायला व्हाइट कार्ड, म्हणजे सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं कार्ड, लागतं, ते त्याने लगेच केलं. पण तिथल्या वर्कशॉपमध्ये फ्लक्स कोअर वायरवर, म्हणजे रॉडऐवजी सलग सुटणाऱ्या तारेच्या वेल्डिंगवर, भर, आणि त्याचा सगळा हात आर्क-आर्गनचा. टेस्टला उभा राहिला आणि पडला. त्याने ट्रेड असिस्टंट म्हणून काम धरलं, म्हणजे आपल्याकडचा हेल्परच, आणि जेवणाच्या सुट्टीत भंगार प्लेटवर वायर चालवत राहिला. काही महिन्यांनी त्याच वर्कशॉपमध्ये टेस्ट पास झाला आणि वेल्डरच्या दरावर आला. चौदा वर्षांच्या अनुभवानंतर हेल्पर व्हावं लागलं याचं त्याला वाईट वाटलं होतं, तो हे लपवत नाही.

बायको लहान मुलांच्या केंद्रात लागली आहे आणि त्या कामाचं सर्टिफिकेट थ्री करते आहे. मुलगी शाळेत जाते. सरकारी आरोग्यसेवेचं मेडिकेअर कार्ड मिळालं. सोनं सुटलं नाही अजून. वेळ अडीच तास पुढे असल्याने आईला रोज संध्याकाळी, तिचं दिवेलागण व्हायच्या आधी, फोन येतो.

आणि ते अजून ‘कायम’ झालेले नाहीत. 491 वर प्रादेशिक भागातच राहून 3 वर्षं काढायची, कर भरल्याची वर्षावर्षाची निवेदनं जमवायची, मग 191 या कायम व्हिसाचा अर्ज. त्यांच्या बाबतीत 2027 चा शेवट.

काय वेगळं करता आलं असतं

कागद पहिल्या दिवसापासून. सिक्स-जी पास झाल्याच्या प्रमाणपत्राची प्रत, प्रत्येक शटडाऊनच्या गेटपासचा फोटो, आपल्या ठशाचा एखादा अहवाल, हे सगळं फोनमध्ये आणि ईमेलमध्ये ठेवायला खर्च नाही. पीएफ नको, रोख द्या, असं आपली मुलं स्वतःच ठेकेदाराला सांगतात, कारण हातात पाचशे जास्त येतात. यानेही 2017 मध्ये पीएफ नको असंच सांगितलं होतं. ते पाचशे फार महाग पडले.

इंग्रजी कतारमध्ये असतानाच. तेव्हा वेळ होता, वय 25 होतं, आणि बोलायला चार देशांची माणसं आजूबाजूला होती. 2019 च्या आत परीक्षा झाली असती तर वाढदिवसाशी शर्यत लावावी लागली नसती.

फ्लक्स कोअरचा सराव निघण्याआधी करता आला असता. रत्नागिरीत, जयगडकडे किंवा पुण्याला असं काम चालतं. जिथे जायचं तिथली वर्कशॉप कुठल्या प्रक्रियेवर चालतात हे नोकरीच्या जाहिराती वाचूनही कळतं. हा एक मुद्दा माझ्याही बोलण्यात तेव्हा आला नव्हता, कारण आम्ही सगळे परीक्षणाच्या मागे होतो.

कॅनडाच्या दीड लाखाबद्दल त्याचं आणि माझं मत वेगळं आहे. तो म्हणतो, तो धक्का बसला नसता तर स्वतः अर्ज करायला शिकलो नसतो. मला वाटतं, मंजुरीचा क्रमांक पैसे देण्याआधी मागितला असता तर शिकणं फुकटात झालं असतं.

एक गोष्ट मात्र अजून उरली आहे आणि तिला मुदत आहे. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घ्यायला 4 वर्षांचं वास्तव्य आणि त्यातलं शेवटचं वर्ष कायम रहिवासी म्हणून लागतं, आणि ते घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तो तसं करेल की कायम रहिवासी राहून पासपोर्ट भारताचाच ठेवेल, हे ठरलेलं नाही. बायकोला नागरिकत्व हवं आहे, त्याला घाई नाही. पण काहीही ठरलं तरी त्याआधी सड्यावरच्या सातबाऱ्याची वाटणी व्हायला हवी. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे ती होते. चौदांपैकी अकरा जणांनी होकार कळवला आहे. डोंबिवलीच्या दोघांची पत्रं यायची आहेत, आणि एक नाव वारलेल्या आत्याचं आहे, तिच्या वारसांची नोंद आधी करून घ्यावी लागेल. काका त्या कामाला लागले आहेत.